विजेची मोहताजी कमी होईल काय?
यंत्रमागधारकांनी स्वतः मांडून पाहावा असा हिशेब

कापडाच्या धंद्यात तीन खर्च असे आहेत की त्यांच्यापासून कोणाचीही सुटका नाही. सूत, मजुरी आणि वीज. सुताचा भाव बाजार ठरवतो. तो चढतो तसा उतरतोही, आणि शहाणा कारखानदार भाव उतरला की थोडे सूत जास्त घेऊन ठेवतो. मजुरी समोरासमोर बसून ठरते. विजेचे मात्र वेगळे आहे. आपल्याला ती गोदामात भरून ठेवता येत नाही, लहान कारखानदाराला दुसऱ्या दुकानातून घेता येत नाही, आणि दराबाबत घासाघीसही करता येत नाही. बिल येईल ते भरावे लागते. उर्दूत ज्याला मोहताजी म्हणतात ती हीच.

आता ही स्थिती बदलण्याची शक्यता निर्माण झाली आहे. वीज तयार करण्याचे अर्थकारण गेल्या पंधरा वर्षांत उलटेपालटे झाले आहे. त्यात आपल्या वाट्याला काय येते, किती येते आणि कुठे फसगत होऊ शकते, हे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या प्रत्येक यंत्रमागधारकाने समजून घेणे आवश्यक आहे.

एका मीटरमागे किती वीज?

साध्या मागाला एक अश्वशक्तीची मोटर असते. चालू मागाला तासाला सरासरी ०.६ युनिट लागते असे धरू. बारा तासांच्या पाळीत ७.२ युनिट झाले. मिनिटाला १६० पिके आणि इंचाला ६० पिके धरली, धागा तुटणे व बीम बदलणे यांसाठी वीस टक्के वजा केले, तर पाळीला सुमारे ३९ मीटर कापड निघते. म्हणजे एका मीटरला सुमारे ०.१८ युनिट वीज. पाच रुपये दराने हा खर्च नव्वद पैशांच्या घरात जातो.

चोवीस मागांची शेड दोन पाळ्यांत महिन्याचे सव्वीस दिवस चालली तर सुमारे ९,००० युनिट वीज खाते. दर एका रुपयाने वाढला की महिन्याला ९,००० रुपये जास्त जातात. जो स्वतःचे सूत घेऊन माल विकतो तो एखादे वेळी हा बोजा ग्राहकावर टाकू शकतो. जो व्यापाऱ्याच्या बीमवर मजुरीने कापड विणतो, त्याच्या खिशातूनच ही रक्कम जाते. आपल्यातील मोठा वर्ग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. प्रत्येकाने आपल्या मागाचे, आपल्या क्वालिटीचे आकडे घालून हा हिशेब करून पाहावा.

कापड आणि वीज यांचे जुने नाते

मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला वाफेवर चालत. त्यासाठी दूरच्या खाणींतून कोळसा आणावा लागे. कोळशाची आवक आणि भाडे यांवर गिरणीचा नफा अवलंबून असे. सह्याद्रीच्या पावसाचे पाणी अडवून मुंबईला वीज द्यायची कल्पना जमशेटजी टाटांनी मांडली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्या विजेचा मोठा ग्राहक गिरणी होती. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. यातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोळसा रोज विकत आणावा लागत होता. धरण व यंत्रे यांना सुरुवातीला मोठा पैसा लागला, पण त्यानंतर पाऊस फुकट होता. आज सूर्याच्या विजेत तेच घडत आहे.

दाभोळचा धडा

याच्या नेमके उलटे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी बोलणी सुरू झाली आणि डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ वीज कंपनी व महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात वीज खरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये सरकार बदलल्यावर प्रकल्प रद्द झाला, नंतर नव्याने बोलणी होऊन पुन्हा मान्य झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला.

करारात दोन गोष्टी होत्या. पहिली, मंडळाने वीज घेतली किंवा न घेतली तरी क्षमतेपोटी ठरलेली रक्कम द्यायचीच. दुसरी, दराचा मोठा भाग डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. इंधन होते नाफ्था. १९९३ मध्ये डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांचा होता, २००० मध्ये तो पंचेचाळीसच्या पुढे गेला. त्याच काळात तेलाचे भाव चढले. दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्याही पुढे गेली. मंडळाला हा बोजा पेलवेना. मे २००१ मध्ये खरेदी थांबली, केंद्र बंद पडले, आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचेच दिवाळे निघाले. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापून ते केंद्र पुन्हा उभे करावे लागले.

कोणी व्यापारी असा सौदा करील काय? माल उचला किंवा न उचला, पैसे द्या. भाव परदेशी चलनात. आणि कच्च्या मालाची भाववाढ पूर्णपणे ग्राहकाच्या माथी. आपल्या पेठेत असा सौदा करणाऱ्याला लोक वेड्यात काढतील.

भारनियमनाची वर्षे

त्यानंतरची वर्षे यंत्रमागधारकांना वेगळी सांगायला नकोत. राज्यात विजेची टंचाई इतकी वाढली की भारनियमन हा रोजचा शब्द झाला. माग बंद, कारागीर रिकामा बसलेला, आणि हप्ता मात्र चालू. ज्यांना परवडले त्यांनी डिझेलचे जनरेटर घेतले. त्या विजेचा खर्च सरकारी विजेच्या कितीतरी पट होता. दरम्यान २००३ चा विद्युत कायदा आला, २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती व महापारेषण या कंपन्या झाल्या. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचे आणि मार्च २०२० मध्ये मालेगावचे वीज वितरण फ्रँचायझीकडे गेले. वीज विकणारा बदलला, पण आपली जागा तीच राहिली. आपण ग्राहक, तेही दुसरा पर्याय नसलेले ग्राहक.

भाव पडले ते कसे?

२०१० मध्ये केंद्र सरकारच्या सौर मिशनसाठी पहिल्या निविदा निघाल्या तेव्हा सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे होती. त्या वेळी लोक म्हणत की ही श्रीमंतांची हौस आहे. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत ती १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरली. त्यानंतर भाव थोडे वर येऊन अडीच रुपयांच्या आसपास राहिले. दहा वर्षांत एखाद्या मालाचा भाव पाचव्या हिश्शावर येणे ही साधी गोष्ट नाही.

याचे कारण कापडवाल्याला चटकन समजेल. कोळशाची वीज म्हणजे मुख्यतः कोळसा, त्याचे रेल्वेभाडे आणि त्यावरचे कर. खाण जितकी खोल आणि दूर, तितका खर्च जास्त. सौर पॅनेल हा कारखान्यात तयार होणारा माल आहे. जितका जास्त बनतो तितका स्वस्त होतो. जगात एकूण पॅनेलची विक्री दुप्पट झाली की भाव सुमारे वीस टक्क्यांनी उतरतो, असा अनेक दशकांचा अनुभव आहे. हातमागाचे कापड आणि गिरणीचे कापड यांत जे झाले, तेच कोळसा आणि सूर्य यांत होत आहे.

जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायू सोडून इतर साधनांची झाली. पण येथे गफलत होऊ नये. क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. सूर्य रात्री नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजूनही मोठा वाटा कोळशाचाच आहे. रात्रीसाठी बॅटरी लागते. तिचेही भाव उतरत आहेत. डिसेंबर २०२४ च्या एका सरकारी निविदेत काही तासांच्या बॅटरीसह सौर वीज साडेतीन रुपयांच्या आसपास मिळाली.

आपल्या छपरावरचा हिशेब

बाजारात विक्रेते फिरतात आणि सांगतात, “पॅनेल लावा, बिल शून्य होईल.” घरासाठी हे काही अंशी खरे असू शकते. कारखान्यासाठी आकडे मांडून पाहू.

महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट, वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज देते. त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. चोवीस मागांची शेड म्हणजे चोवीस अश्वशक्ती, सुमारे १८ किलोवॅट मंजूर भार. नेट मीटर मंजूर भारापर्यंतच मिळते, म्हणून १८ किलोवॅट धरू. जागा लागेल १,८०० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ पूर्ण छप्पर. वीज मिळेल महिन्याला सुमारे २,१०० युनिट. शेडचा खप ९,००० युनिट. अर्थात चौथा हिस्सा.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट झाली. दोन पाळ्या चालणारी शेड स्वतःच्या छपरावर खुदमुख्तार होऊ शकत नाही. छप्पर तेवढेच आहे आणि माग त्याच्याखाली दाटीने बसवलेले आहेत. मात्र बिलाचा चौथा हिस्सा वाचणे ही लहान गोष्ट नाही.

किलोवॅटला पन्नास हजार रुपये धरले तर खर्च ९ लाख. वर्षाला वीज २५,२०० युनिट. आता पाहा: वाचणारा दर युनिटला ४ रुपये असेल तर वर्षाला सुमारे १ लाख रुपये वाचतील आणि रक्कम नऊ वर्षांत वसूल होईल. दर ५ रुपये असेल तर सात वर्षांत. दर ८ रुपये असेल तर साडेचार वर्षांत. पॅनेल पंचवीस वर्षे चालते, फक्त वीज थोडी थोडी घटत जाते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागतो.

यातून एक विचित्र गोष्ट पुढे येते. यंत्रमागाला राज्य सरकार वीजदरात सवलत देते. २०२४ मध्ये २७ अश्वशक्तीपर्यंत युनिटला एक रुपया आणि त्यावर २०१ अश्वशक्तीपर्यंत पंचाहत्तर पैसे अशी जादा सवलत जाहीर झाली. सवलत जितकी मोठी तितकी सौर यंत्रणेची वसुली लांबते. म्हणजे सवलतीची सावली पॅनेलवर पडते. पण सवलत सरकारच्या हातात आहे, तिची नोंदणी, मुदत व अटी दरवेळी नव्याने ठरतात. छपरावरची वीज आपल्या हातात राहते. नऊ वर्षांची वसुली धरून बसलेल्याची सवलत उद्या काढून घेतली तर त्याची वसुली आपोआप पाच वर्षांवर येते. सौर यंत्रणेकडे कमाईपेक्षा दरवाढीविरुद्धचा बंदोबस्त म्हणून पाहणे अधिक योग्य.

जेथे फसगत होते

पहिली बाब वीज गेल्यावरची. बहुसंख्य लोक समजतात की पॅनेल लावले की भारनियमनातही माग चालतील. तसे होत नाही. वीजवाहिनीला जोडलेली साधी यंत्रणा, वाहिनी बंद पडली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होईल. वीज नसताना चालवायचे असेल तर बॅटरी व वेगळा इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो.

दुसरी बाब छपराची. आपल्या अनेक शेड सिमेंटच्या जुन्या पत्र्याच्या आहेत. त्यावर पॅनेलचे वजन आणि वाऱ्याचा जोर टाकणे धोक्याचे आहे. भिंतीवरून किंवा खांबांवरून वेगळा लोखंडी सांगाडा उभारावा लागतो. त्याचा खर्च विक्रेत्याच्या पहिल्या कागदावर बहुधा नसतो.

तिसरी बाब धुळीची. सायझिंगच्या धुराड्याची काजळी आणि शेडमधले कापसाचे तंतू पॅनेलवर बसतात. धुतले नाही तर वीज घटते. पाणी व माणूस यांची सोय आधी पाहावी.

चौथी बाब मालकीची. माग एकाचे, शेड दुसऱ्याची, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आहे. भाडेकरूने पंचवीस वर्षांची वस्तू दुसऱ्याच्या छपरावर बसवायची तर लेखी करार हवा. तोंडी विश्वासावर हे काम करू नये.

पाचवी बाब योजनांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतील ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान घरांसाठी आहे, कारखान्यांसाठी नाही. यंत्रमागांसाठी एप्रिल २०१७ मध्ये पॉवरटेक्स इंडिया योजना आली होती. तिच्यात लहान यंत्रमागधारकांना सौर यंत्रणेसाठी सर्वसाधारण गटात निम्म्या खर्चाचे अनुदान होते. तिची मुदत संपलेली आहे. कोणी जुन्या योजनेचे नाव सांगून आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनेलवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोटेशनमध्ये नवा दर लावला आहे की नाही ते तपासावे.

एकत्र आल्यास वाट आहे

छप्पर अपुरे असेल तर पॅनेल गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर बसवून वीज वाहिनीतून आणता येते. २००३ च्या कायद्याने स्वतःच्या वापरासाठी वीजनिर्मिती करायला परवाना लागत नाही, आणि सभासदांच्या वापरासाठी सहकारी संस्थेने उभारलेले केंद्रही त्यात धरले आहे. कंपनी काढून केंद्र उभारल्यास वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि त्यांचा वापर किमान ५१ टक्के असावा लागतो. २०२२ च्या नियमांनी अशा खुल्या वीज खरेदीची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली आणि स्वतःच्या केंद्राची हरित वीज वापरणाऱ्यांना ती मर्यादाही ठेवली नाही. मात्र वीज वाहून आणण्याचा आकार, वेगळे मीटर आणि कागदपत्रे यांचा खर्च असतो. तो एकट्या चोवीस मागवाल्याला परवडणार नाही. शंभर जणांत वाटला तर परवडू शकतो. यंत्रमागधारकांच्या संघटना दरवाढीविरुद्ध मोर्चे काढतात, निवेदने देतात. ते योग्यच आहे. पण त्याच संघटनांनी एक जाणकार अभियंता व एक चार्टर्ड अकाउंटंट नेमून असा प्रकल्प तपासला तर कायमचा फायदा होईल.

पैशांबाबतही विचार हवा. ज्यांना व्याजाच्या कर्जापासून दूर राहायचे आहे त्यांच्यासाठी भागीदारीची वाट आहे. काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवून युनिटप्रमाणे पैसे घेतात. यात आपली रक्कम गुंतत नाही. पण करार पंधरा-वीस वर्षांचा असतो. दरवर्षी दर किती वाढणार, शेड विकली तर काय, माग बंद राहिले तरी पैसे द्यायचे काय, ही तीन कलमे दोनदा वाचावीत. तिसरे कलम दाभोळच्या कराराचेच लहान भावंड असू शकते.

शेजाऱ्याकडून काय शिकावे?

पाकिस्तानात विजेचे दर इतके वाढले की २०२४ या एका वर्षात तेथे सुमारे १७,००० मेगावॅटचे पॅनेल आयात झाले. तेथेही खासगी वीज कंपन्यांना वीज घेतली नाही तरी क्षमतेपोटी रक्कम द्यावी लागते. ज्यांच्याकडे छप्पर आणि पैसा होता ते बाहेर पडले, आणि ठरलेली रक्कम उरलेल्या ग्राहकांवर वाटली जाऊ लागली. उरले ते बहुतांशी गरीब आणि भाडेकरू. हा धोका आपल्याकडेही आहे. मोठा कारखानदार स्वतःची वीज करील आणि सहा-आठ मागवाला वाढलेल्या बिलाखाली दबेल, असे होऊ नये यासाठीच एकत्र येणे जरुरीचे.

कोणी विचारील, पॅनेलचा कच्चा माल तर मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतो, मग स्वावलंबन कुठले? सरकारने एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के जकात लावली आणि देशात कारखाने उभे राहिले, तरी आतला माल अजून बराचसा बाहेरचाच आहे. पण माग परदेशातून घेणे आणि सूत रोज परदेशातून घेणे यांत फरक आहे. पॅनेल एकदा घेतले की पंचवीस वर्षे चालते. तेल आणि नाफ्था रोज लागतात, आणि रोज लागणाऱ्या वस्तूचा मालक आपला मालक होतो.

सुरुवात कुठून करावी?

आधी खप कमी करावा. जुन्या, अनेकदा वाइंडिंग केलेल्या मोटरी जास्त वीज खातात, त्या तपासून घ्याव्यात. मग बारा महिन्यांची बिले समोर ठेवून सवलत वजा जाता आपला खरा दर काढावा. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग असे वेळेप्रमाणे दर येत आहेत. आपल्या बिलात ते कसे लागतात ते पाहून दिवसाची पाळी भरून चालवावी. त्यानंतर छप्पर अभियंत्याला दाखवावे. तीन ठिकाणचे कोटेशन घ्यावे. सांगाडा, नेट मीटर, वायरिंग व पाच वर्षांची देखभाल यांचा खर्च त्यात वेगवेगळा लिहून मागावा.

सूत विकत घेताना आपण काउंट पाहतो, वजन पाहतो, धागा बोटांत धरून ताणून पाहतो. विजेच्या बाबतीत मात्र आजवर डोळे मिटून पैसे मोजत आलो, कारण दुसरा इलाज नव्हता. आता बिलाच्या चौथ्या हिश्शापुरता का होईना, इलाज हाती आला आहे. त्याचा हिशेब विक्रेत्याच्या कागदावर न सोडता आपल्या वहीत मांडावा.